‘लाइट गेली तर?’ : डीपीकेजीच्या आतल्या रचनेचा मराठी दस्तऐवज लिहिताना ठेवलेल्या नोंदी

६ जानेवारी २०२५

नाशिकरोड, पंचवटी आणि सातपूर अशा तीन अभ्यासिकांमधली मिळून २२ जुनी मशिनं आम्ही सांभाळतो. सगळ्यांवर डेबियन १२ ही लिनक्सची कार्यप्रणाली आहे. त्यावर आमचं स्वतःचं एक छोटं पॅकेज, म्हणजे एकत्र बसवायच्या फाइलींचा संच, बसवतो; डेबियनमध्ये पॅकेज बसवायचं-काढायचं काम डीपीकेजी हा प्रोग्राम करतो. जुन्या प्रश्नपत्रिका, टायपिंगचा सराव आणि थोड्या सेटिंग, एवढंच त्यात असतं.

गेल्या महिन्यात नाशिकरोडला अपडेट चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच मेली होती. दुसऱ्या दिवशी अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला, ‘भाऊ, मशीन काहीतरी इंग्रजीत सांगतंय आणि नवीन काही बसवूच देत नाही.’ माझ्या जोडीला डिप्लोमाचा एक विद्यार्थी असतो, तो गेला आणि त्यानं सरळ मशीन फॉरमॅट केलं. अर्धा दिवस गेला. एका मुलीनं तिथं चार महिन्यांच्या नोट्स टाइप करून ठेवल्या होत्या, त्याही गेल्या. पडद्यावरच्या त्या ओळीत उपाय लिहिलेला होता : ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. दोन मिनिटांचं काम.

त्या पोराची चूक मी धरत नाही. आज्ञा पडद्यावर होती, पण ती काय करणार हे माहीत नसताना दुसऱ्याच्या मशिनवर चालवायला तो घाबरला, आणि ते घाबरणं योग्यच होतं. म्हणून आज्ञांची यादी न देता डीपीकेजी आत कसं बांधलंय तेच मराठीत लिहायचं ठरवलंय. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, छापील प्रती तिन्ही ठिकाणी ठेवायच्या.

या नोंदींत आज्ञा आणि फाइलींची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत.

१० जानेवारी

तीन संध्याकाळी, अकरा पानं. आज सगळी बाजूला ठेवली.

सुरुवात द्राक्षांच्या पेटीपासून केली होती. माझे मेहुणे पिंपळगाव बसवंतजवळ पॅकहाउसमध्ये आहेत, त्यामुळे पेटी डोळ्यासमोर होती. वर लेबल, आत माल, लेबलवर कुठल्या बागेचा माल आणि वजन किती. डेबची फाइल, म्हणजे पॅकेजची फाइल, तशीच, असं लिहून पुढं एक मोठी आकृती काढली : एपीटी (पॅकेज शोधून आणून डीपीकेजीकडं देणारा प्रोग्राम) वर, डीपीकेजी खाली, मध्ये बाण.

विद्यार्थ्यानं ती शेवटपर्यंत नीट वाचली आणि एकच विचारलं, ‘दादा, पेटी अर्धी रिकामी केली आणि लाइट गेली तर?’

माझ्या अकरा पानांत याचं उत्तर नव्हतं. पेटी रिकामी करताना थांबलं तर उरलेली द्राक्षं पेटीतच राहतात, कोणाचं काही बिघडत नाही. पॅकेजमध्ये जुना माल काढून त्याच जागी नवा ठेवायचा असतो, शिवाय मध्येच चार स्क्रिप्ट चालवायच्या असतात, आणि तेवढ्या वेळात मशीन चालू राहिलं पाहिजे. पेटीची उपमा फाइलीच्या आकारापुरती चालते, त्यापुढं वाचणाऱ्याला चुकीच्या रस्त्यानं नेते.

नवा आराखडा ठरला. प्रत्येक प्रकरण त्या पोराच्या प्रश्नानं सुरू होईल : ‘या क्षणी लाइट गेली तर?’ ज्या पायरीला याचं उत्तर मला देता येत नाही, ती पायरी मला कळलेली नाही असं धरायचं.

१३ जानेवारी

डेबची फाइल बाइट-बाइट उघडून पाहिली. बाहेरून ती साधी ‘एआर’ फाइल, म्हणजे अनेक फाइली एकात बांधायचा एक प्रकार. पहिले ८ बाइट एआरची खूण. त्यापुढं प्रत्येक आतल्या फाइलीआधी ६० बाइटांचं शीर्षक : नाव १६, वेळ १२, मालक ६, गट ६, परवानगी ८, आकार १०, आणि शेवटी २ बाइटांची खूण. सगळं साध्या अक्षरांत. पहिली आतली फाइल ‘डेबियन-बायनरी’. तिचा आकार ‘४’ असा चक्क वाचता येतो, आणि त्या चार बाइटांत ‘२.०’ आणि ओळ संपल्याची खूण. ८ + ६० + ४ म्हणजे ७२व्या बाइटाला दुसरं शीर्षक सुरू. विद्यार्थ्यानं पडद्यावर बोट ठेवून मोजलं आणि बरोबर ७२ला ‘कंट्रोल’ हा शब्द दिसला. एवढ्यावर त्याची भीती बरीच गेली, हे मला त्याच्या बसण्यावरून कळलं. हे मोजणं दस्तऐवजात जसंच्या तसं ठेवलंय.

क्रमाचं महत्त्व दाखवायला मी एआरनं तेच तीन तुकडे उलटसुलट क्रमानं बांधले : आधी कंट्रोल (पॅकेजची माहिती आणि स्क्रिप्ट), मग डेबियन-बायनरी, मग डेटा (खरा माल). डीपीकेजीनं फाइल नाकारली. माल तोच, पण पहिली चिठ्ठी पहिली नाही म्हटल्यावर ते पुढं वाचतच नाही. कारण सरळ आहे. फाइल सुरुवातीपासून एका दमात वाचत जायची असते, त्यामुळे कुठल्या आवृत्तीचा आकार आहे हे आधी कळलं पाहिजे, मग पॅकेज कोणतं ते, आणि मग शेकडो एमबीचा माल.

इथं चार तास वाया गेले. नमुन्यासाठी मी उबुंटू २२.०४ची एक फाइल घेतली होती. पंचवटीत एका मशिनवर अजून डेबियन ११ निघालं (हेही आजच कळलं), तिथं ती फाइल उघडेना. मी फाइल खराब समजून तीनदा उतरवली. उबुंटूच्या फाइलीत आतले टार (फाइलींचे गठ्ठे) ‘झेडस्टँडर्ड’ या पद्धतीनं दाबलेले असतात आणि डेबियन ११मधल्या डीपीकेजीला ते येत नाही. डेबियन १२मधल्याला येतं. नमुना म्हणून आता डेबियनच्याच, ‘एक्सझेड’नं दाबलेल्या फाइली.

१९ जानेवारी

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून जुनं मशीन ३,२०० रुपयांना आणलं, केवळ प्लग खेचण्यासाठी. आधी व्हर्च्युअल मशीन झटक्यात बंद करून बघत होतो, पण खऱ्या डिस्कवर जे होतं तेच लिहायचं असं ठरवलं.

आज ४० वेळा प्लग खेचला. कुठल्या क्षणी खेचला ते कळावं म्हणून पॅकेजच्या स्क्रिप्टमध्ये वीस-वीस सेकंदांचे थांबे टाकले, आणि डेटामध्ये मुद्दाम एक मोठी फाइल ठेवली, म्हणजे उलगडायला वेळ लागतो.

जे दिसलं ते असं. डीपीकेजी नवी फाइल थेट तिच्या नावानं कधीच लिहीत नाही. आधी नावापुढं ‘.डीपीकेजी-न्यू’ लावून शेजारी लिहितं, जुन्या फाइलीची प्रत ‘.डीपीकेजी-टीएमपी’ म्हणून धरून ठेवतं, नवी फाइल डिस्कवर खरंच उतरली याची खात्री करतं आणि मगच नाव बदलतं. नाव बदलणं हे एका घावाचं काम, ते होतं किंवा होत नाही. अर्धवट फाइल तिच्या खऱ्या नावानं सापडत नाही. ४०पैकी एकदाही सापडली नाही.

नोंदवहीचंही तसंच. कोणतं पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे हे ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ या एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतं. ती मोठी असते, दर पायरीला सगळी नव्यानं लिहिणं परवडत नाही. म्हणून शेजारच्या ‘अपडेट्स’ फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावाच्या छोट्या चिठ्ठ्या टाकत जातं आणि नंतर त्या मुख्य वहीत मिसळतं. किराणा दुकानात दिवसभर कच्च्या कागदावर लिहून रात्री खतावणीत चढवतात, तसं.

काकांना दिसलेली ती ओळ इथूनच येते. एपीटी सुरू होताना ‘अपडेट्स’मध्ये आकड्यांच्या नावाची चिठ्ठी उरली आहे का ते बघतं. उरली असेल तर कोणीतरी मध्येच उठून गेलंय, आधी ते निस्तरा, असं सांगतं. मशीन बिघडलेलं नसतंच. तो परिच्छेद मी सकाळी सहा वाजता लिहिला आणि पहिल्यांदा वाटलं की या कामाचं चीज होईल.

२२ जानेवारी

वरच्या नोंदीतला ‘एकदाही सापडली नाही’ हा दावा आज आमच्याच मशिनवर खोटा ठरला, आणि कारण मीच.

सातपूरच्या एका मशिनची डिस्क थेट त्या जुन्या मशिनला लावून तोच प्रयोग केला. प्लग खेचला, चालू केलं. वही म्हणते पॅकेज व्यवस्थित बसलंय. प्रश्नपत्रिकांच्या १४ फाइली शून्य बाइटच्या.

दोन रात्री शोधण्यात गेल्या. दोन वर्षांपूर्वी जुन्या डिस्कवर इन्स्टॉल फार रेंगाळतं म्हणून मी सगळ्या मशिनांच्या डीपीकेजी सेटिंगमध्ये ‘फोर्स-अनसेफ-आयओ’ ही एक ओळ टाकली होती. नऊ मिनिटांचं काम चार मिनिटांत व्हायचं, त्याचा आनंद होता. ही ओळ नेमकी ती खात्री काढून टाकते : फाइल डिस्कवर उतरली का हे न बघताच नाव बदललं जातं. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम मजकूर डिस्कवर ठेवायला थोडा वेळ घेते. नाव नोंदलं गेलं, मजकूर अजून मेमरीत, आणि तेवढ्यात वीज गेली. वहीची खात्री मात्र चालूच राहते, म्हणून वही ‘बसलंय’ म्हणते. पहिल्या प्रयोगाच्या मशिनवर ती ओळ नव्हती, म्हणून तिथं सगळं नीट होतं.

२२ मशिनांवरून ती ओळ काढली. मग प्रत्येकावर ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ चालवलं, ते पॅकेजसोबत आलेल्या एमडी५ यादीशी (प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ठशांची यादी) फाइली ताडून बघतं. तीन मशिनांवर अशा पोकळ फाइली निघाल्या. मुलं तिथं बसून ‘ही प्रश्नपत्रिका उघडत नाही’ म्हणत होती आणि मी पेन ड्राइव्हला दोष देत होतो. त्या मुलांची मी जाऊन माफी मागितली.

दस्तऐवजात हे प्रकरण सगळ्यात लांब झालंय आणि ते तसंच ठेवणार. ती पाच मिनिटं कुठून येतात हे कळल्याशिवाय कोणी ती वाचवायला जाऊ नये.

२८ जानेवारी

अवस्थांचं प्रकरण. पॅकेजांची यादी दाखवणाऱ्या ‘डीपीकेजी -एल’ची पहिली दोन-तीन अक्षरं म्हणजे सगळी कुंडली. ‘आय-आय’ ठीक. ‘आय-यू’ म्हणजे माल उलगडलाय, जुळवणी (कॉन्फिगर) बाकी. ‘आय-एफ’ म्हणजे जुळवणी अर्ध्यावर. ‘आय-एच-आर’ म्हणजे उलगडणंच अर्ध्यावर, पुन्हा बसवणं भाग.

पहिल्या मसुद्यात मी सगळ्याला एकच औषध लिहिलं होतं, ‘कॉन्फिगर -ए’. प्रयोगात ते ‘आय-एच-आर’वर चाललं नाही आणि चालणारही नाही. अर्धाच माल बाहेर आलाय तर जुळवायचं काय? तिथं डेबची मूळ फाइलच पुन्हा लागते. आमचं पॅकेज कुठल्याही सार्वजनिक साठ्यात नाही, त्यामुळे एपीटी म्हणतं पुन्हा बसवायला हवं पण फाइल सापडत नाही, आणि अडून बसतं. उपाय : प्रत्येक अभ्यासिकेत चालू आवृत्तीची डेब फाइल असलेला एक पेन ड्राइव्ह, ड्रॉवरमध्ये, दोऱ्यानं बांधून. तीन पेन ड्राइव्ह, १,०५० रुपये.

डेबियनच्या धोरण पुस्तिकेत अपग्रेडच्या पायऱ्यांमध्ये एक जागा दाखवलेली आहे. जुन्या पॅकेजची ‘पोस्टआरएम’ (माल काढल्यानंतर चालणारी) स्क्रिप्ट ‘अपग्रेड’ म्हणून यशस्वी झाली की परतीची वाट बंद. त्याआधी चूक झाली तर डीपीकेजी ‘.डीपीकेजी-टीएमपी’ प्रती जागेवर ठेवून मागं येतं. त्यानंतर फक्त पुढं जाता येतं. आकृतीत ती रेघ लाल पेनानं काढली. माझ्या मूळ अकरा पानांच्या आकृतीत ही रेघच नव्हती, आणि खरं तर रचना कळायला तीच एक रेघ पुरेशी आहे.

१ फेब्रुवारी

आमच्या स्वतःच्या ‘पोस्टइन्स्ट’ (माल उलगडल्यावर जुळवणी करणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये दोष निघाला. ती ‘सराव’ नावाचं खातं तयार करते आणि मग परवानग्या लावते. खातं तयार झाल्यावर प्लग खेचला. पुन्हा ‘कॉन्फिगर -ए’ केलं तर स्क्रिप्ट पहिल्यापासून चालली, खातं आधीच आहे म्हणून आज्ञा फसली, आणि वर ‘सेट -ई’ (एक आज्ञा फसली की तिथंच थांब) असल्यामुळे स्क्रिप्ट तिथंच थांबली. पुन्हा ‘आय-एफ’. कितीही वेळा चालवा, तेच.

डीपीकेजी स्क्रिप्टच्या आत डोकावत नाही. कुठल्या ओळीवर थांबली हे त्याला माहीत नसतं, ते फक्त शेवटचा निकाल बघतं. म्हणून स्क्रिप्ट दहा वेळा चालली तरी एकदा चालल्यासारखी असली पाहिजे, ही जबाबदारी पॅकेज बांधणाऱ्याची. आधी खातं आहे का ते विचारायचं, नसेल तरच करायचं. सेटिंगची ओळ फाइलीच्या शेवटी चिकटवण्याऐवजी स्वतंत्र छोटी फाइल ठेवायची. दुरुस्ती वीस मिनिटांची, पण हा दोष आमच्याकडे दोन वर्षं होता.

५ फेब्रुवारी

‘कॉन्फफाइल्स’, म्हणजे पॅकेजच्या सेटिंगच्या फाइली. काकांनी सातपूरच्या मशिनवर स्क्रीन बंद होण्याची सेटिंग असलेली आमची फाइल चक्क उडवली होती, कारण मुलांचा पडदा सारखा काळा व्हायचा. नवीन आवृत्ती टाकली तरी ती फाइल परत आली नाही. मी तासभर पॅकेजमध्ये चूक शोधत होतो. चूक नव्हतीच. सेटिंगच्या फाइलीबाबत डीपीकेजी तीन गोष्टी ताडतं : मागच्या वेळी पॅकेजनं दिलेली कशी होती, आता दिलेली कशी आहे, आणि मशिनवर सध्या काय आहे. पॅकेजनं काही बदललं नसेल तर माणसाची राहू देतं. माणसानं हात लावला नसेल तर न विचारता नवी ठेवतं. दोघांनी बदललं असेल तरच विचारतं. आणि माणसानं फाइल काढून टाकली असेल तर ते काढून टाकणंही त्याचा निर्णय मानतं, न विचारता परत आणत नाही.

हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे त्यानं माझं ऐकलं.’ प्रकरणाला हेच शीर्षक दिलं.

९ फेब्रुवारी

आवृत्त्यांची तुलना. डिसेंबरात चाचणीसाठी ‘१.०-आरसी१’ काढली होती, मग पक्की ‘१.०’. तीन मशिनं पक्कीवर जाईनात. डीपीकेजीच्या हिशेबात रेघेनंतरचा भाग म्हणजे पॅकेजची पुढची दुरुस्ती, म्हणून ‘१.०-आरसी१’ हीच मोठी. हवं होतं ‘१.०~आरसी१’. तुलनेचा कोड उघडून पाहिला तर अक्षरांना क्रम देणारं फंक्शन जेमतेम दहा ओळींचं : अंक आणि शेवट यांना शून्य, इंग्रजी अक्षराला त्याची स्वतःची किंमत, बाकी चिन्हांना त्यात २५६ मिळवून, आणि ‘~’ला उणे एक. म्हणजे काहीच नसण्याच्याही आधी तिचा नंबर. ते फंक्शन जसं आहे तसं छापलंय, त्याहून सोपं मला लिहिता आलं नाही.

घाईत मी ‘१:१.०’ असा ईपॉक (आवृत्तीच्या आधी लावायचा, तुलनेत सगळ्यात आधी बघितला जाणारा आकडा) लावून सोडवलं होतं. ते आता कायमचं गळ्यात आहे, काढलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या लहान ठरतील. ‘१.०.१’ काढली असती तर भागलं असतं.

१५ फेब्रुवारी

छोटी नोंद. पॅकेज बांधताना ‘--रूट-ओनर-ग्रुप’ (सगळ्या फाइलींचा मालक रूट, म्हणजे मुख्य खातं, ठेवणारा पर्याय) विसरलो, त्यामुळे आतल्या सगळ्या फाइलींचा मालक माझ्या लॅपटॉपवरचा वापरकर्ता, क्रमांक १०००. अभ्यासिकेच्या मशिनवर १००० म्हणजे तिथं बसणारी मुलं. प्रश्नपत्रिका कोणीही बदलू शकलं असतं. कोणी बदलल्या नाहीत, ताडून पाहिलं.

२७ फेब्रुवारी

आज प्रती ठेवायच्या होत्या. झालं नाही, अडलंय शब्दांवर. सगळ्या अवस्थांना मी मराठी नावं दिली होती : अर्धवट उलगडलेलं, अर्धवट जुळवलेलं. वाचायला गोड. पण विद्यार्थ्याला मशिनसमोर बसवलं तर पडद्यावरचं ‘हाफ-कॉन्फिगर्ड’ आणि माझं ‘अर्धवट जुळवलेलं’ एकच हे त्याला जुळवावं लागलं, आणि घाईत त्यानं चुकीचं पान काढलं. भाषेचा आग्रह मला आहेच, म्हणून तर हे काम हाती घेतलं. पण लाइट गेलेल्या रात्री माणसानं पडद्यावरचा शब्द पानावर शोधायचा असतो. म्हणून पानाच्या डोक्यावर पडद्यावरचाच शब्द मोठ्या अक्षरात, त्याचा अर्थ आणि पुढचं सगळं मराठीत. ४६ पानं पुन्हा लावायला दहा दिवस.

९ मार्च

४६ पानांच्या तीन प्रती, बांधणीसकट ५४० रुपये, कॉलेज रोडला. प्रयोगाचं मशीन, पेन ड्राइव्ह आणि यूपीएसच्या दोन बॅटऱ्या धरून एकूण खर्च ८,९०० रुपये. वेळ साधारण १३० तास, त्यातले चाळीस तरी वाया गेलेले.

संध्याकाळी नाशिकरोडला बसलो. काकांना सांगितलं नव्हतं. विद्यार्थ्यानं अपडेट सुरू केलं आणि मोठी फाइल उलगडत असताना मी प्लग खेचला. काकांनी माझ्याकडं पाहिलं, मी काही बोललो नाही. त्यांनी चष्मा लावला, मशीन चालू केलं, ‘डीपीकेजी -एल’ टाइप केलं, एकेक अक्षर बघून. ‘आय... एच... आर’ असं मोठ्यानं वाचलं आणि प्रत उघडून ३१वं पान काढलं. विद्यार्थी ‘कॉन्फिगर’ म्हणायला तोंड उघडत होता, काकांनी हातानंच त्याला थांबवलं, ‘थांब, माल अर्धाच आलाय.’ मग ड्रॉवर ओढून दोऱ्याचा पेन ड्राइव्ह काढला.

सात मिनिटांत ‘आय-आय’. ३१व्या पानावर तिसऱ्या ओळीत पेन ड्राइव्ह जोडून फोल्डर उघडायचं मी लिहायला विसरलो होतो, तिथं ते अडखळले. आता पेन्सिलनं त्यांनीच लिहून ठेवलंय, उरलेल्या दोन प्रतींत उद्या मी लिहितो.